पद्माची डावी फांदी

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत आहे. मी सांगितली म्हणून नाही, तिने डोळ्यांनी पाहिली म्हणून. बाकी कोणाला सांगायला मला सहा महिने लागले, आणि ज्यांना सांगायची होती ते ऐंशीच्या पुढचे होते. त्या सहा महिन्यांत फोन वाजला की मी आधी नंबर पाहायचो.

गोष्ट एका झाडाची आहे. पद्म नावाची हिमालयातली एक चेरी असते. जडीबुटीच्या दुकानात तिचं वाळकं लाकूड मिळतं, पण जिवंत झाड मी आमच्या बालाघाट जिल्ह्यात दुसरं पाहिलेलं नाही. ही फळांची चेरी नव्हे. फळ येतं ते वाटाण्याएवढं आणि तोंड वाकडं करणारं. झाड लावायचं ते फुलांसाठी, आणि फुलं येतात ती थंडी सुरू होताना, बाकी झाडं पानं गाळत असतात तेव्हा.

मी सरकारी कार्यालयात बाबू आहे. चौदा वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी आम्हाला पहाडात पाठवलं होतं. तिथल्या एका रोपवाटिकेत मी हे वीतभर रोप उचललं. रोपवाटिकेचा म्हातारा मला देईना.

"साहब, आपके यहाँ की गर्मी में मर जाएगा."

मी हट्ट धरला. शेवटी त्याने मुळांना ओलं शेवाळ गुंडाळलं आणि म्हणाला, "ले ही जा रहे हो तो एक बात याद रखना. बरसात में कैंची मत लगाना. चेरी की जात है, जहाँ काटोगे वहीं से रोएगी."

रोएगी म्हणजे डिंक गाळेल. पावसात कापलं की जखम भरत नाही, तिथून डिंक वाहतो, आणि सड आत उतरत जाते. हे मी नंतर पुस्तकातही वाचलं. म्हणजे मला दोनदा सांगितलेलं होतं.

सुरुवातीची वर्षं माझी नोकरी बैहरला होती. तिथे डोंगर आहे, थंडी पडते. झाड उथळ कुंडीत बसलं, खोड अंगठ्याएवढं झालं, सालीला तांब्यासारखी चमक आली. एका हिवाळ्यात त्याला चार फुलं आली. फिकट गुलाबी, खाली मान घातलेली. ती पाहत बसायला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि अर्जात पोटदुखी लिहिली होती. मग बदली बालाघाटला झाली आणि माझी शांतता गेली. आमच्याकडचा मे महिना पहाडातल्या झाडासाठी नाही. मी छतावर हिरवी जाळी बांधली. वैनगंगेची जाड रेती चाळून त्यात विटांचा चुरा मिसळला, म्हणजे पाणी थांबणार नाही. कुंडीभोवती ओलं पोतं गुंडाळलं. ऑफिसातून दिवसात दोनदा घरी फोन करायचो, "पोतं ओलं आहे ना?"

"हाय ओलं," बायको म्हणायची. "माह्या तब्येतीचं तुमी इतकं कधी इचारलं नाही."

फुलं पुन्हा आली नाहीत. पण झाड जगलं. झाडाकडे बघताना मला आनंद कमी आणि धाकधूक जास्त होत असे, तरी मी ते सोडू शकलो नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आई गेल्यावर मी बाबांना बालाघाटला आणलं. लांजीकडच्या आमच्या गावात धाकटा भाऊ शेती पाहतो. बाबांनी साठ वर्षं धानाची, म्हणजे भाताची, शेती केली. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने थोडं येतं, म्हणून आमच्या घरातलं सगळं बोलणं गल्लीला ऐकू जातं. शहरात त्यांना काम नव्हतं. सकाळचं ऊन अंगावर घेत ते छतावर पद्माजवळ खुर्ची टाकून बसायचे.

"याले भूक लागत असन, बाबू," ते म्हणायचे. "एवढ्याशा ताटात कोणी झाड ठेवते काय?"

"बाबा, हे असंच ठेवायचं असते. लहानच ठेवायचं."

"लेकराले असं ठेवलं असतं त पोलीस आली असती."

मी हसायचो. ते नाही हसायचे. पण त्यांनी झाडाला कधी हात लावला नाही. माझं आहे म्हणून.

गेल्या जुलैची गोष्ट. फोनवर आमचा बोन्सायवाल्यांचा एक गट आहे. मी तिथे झाडाचा फोटो टाकला. कोणीतरी, ज्याला मी कधी भेटलेलो नाही, त्याने लिहिलं की झाड छान आहे, फक्त डावीकडची खालची फांदी पाहून किटलीचा कान आठवतो. दहा-बारा जण त्यावर हसले. मीही हसण्याचं चिन्ह टाकलं. त्यानंतर चार दिवस मला झाड दिसेना, किटलीच दिसू लागली.

रविवारी पाऊस थांबला होता. आभाळ मात्र भरलेलंच होतं. मी कात्री घेऊन वर गेलो. मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे सगळं याच्यावर आहे. कात्री फांदीला लावताना मला म्हाताऱ्याचं वाक्य जसंच्या तसं आठवलं होतं. मी मनाशी म्हटलं, एकच तर फांदी आहे.

बाबा खुर्चीत होते. "हे काहून कापलं?"

"शोभा येते, बाबा."

त्यांनी पडलेली फांदी उचलली, नखाने साल खरवडली, आत हिरवं होतं. "जितं होतं हे," ते म्हणाले. फांदी मांडीवर घेऊन ते थोडा वेळ बसले, मग ती त्यांनी कठड्यावर ठेवली.

चौथ्या दिवशी जखमेच्या कडेला डिंकाचा थेंब आला. मधासारखा. मी तो पुसला. दुसऱ्या दिवशी दोन थेंब. मी खाली जाऊन बायकोकडे हळद मागितली.

"कायले पायजे? कापलं काय तुम्हाले?"

"मले नाही."

ती माझ्यामागे वर आली. मी हळदीत चिकणमाती मळून जखमेवर लिंपत होतो, ते तिने पाहिलं आणि ती खाली गेली. नंतरच्या आठवड्यात वरच्या शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. मी मोजत होतो. रोज सकाळी मोजायचो आणि स्वतःला सांगायचो, पावसात होतंच थोडंफार.

त्यातच मला कामासाठी भोपाळला जावं लागलं. सहा दिवस. बायको शाळेत शिकवते, तिला सकाळी वेळ नसतो. म्हणून बाबांना सांगितलं, "बाबा, पाऊस नसला तर सकाळी एक तांब्या पाणी. बस, एवढंच."

"हौ," ते म्हणाले. दोन वर्षांत मी त्यांना सांगितलेलं ते पहिलं काम होतं. त्यांचा चेहरा उजळलेला मला दिसला होता.

आमच्याकडे श्रावणात धानाचा शेतकरी काय करतो, हे इथे सांगायला हवं. तो धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फिरत राहतो. खेकडे धुऱ्याला बिळं पाडतात आणि शेतातलं साचलेलं पाणी त्या बिळातून निघून जातं. एक बीळ राहून गेलं तर सकाळपर्यंत शेत कोरडं. म्हणून पाणी कुठून पळतंय हे पाहायचं, चिकणमातीचा गोळा बिळात कोंबायचा आणि टाचेने दाबायचा. बाबांनी हे साठ पावसाळे केलं. पळणारं पाणी दिसलं की त्यांचं शरीर आपोआप वाकतं.

त्यांनी पद्माला पाणी घातलं, आणि घातलेलं पाणी खालच्या दोन भोकांतून सरळ जमिनीवर आलं.

सहाव्या दिवशी मी परतलो. बॅग खाली टाकून तसाच वर गेलो. झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा होता. डावी बाजू जवळजवळ उघडी. कुंडीत पाणी चकाकत होतं. बाबा खुर्चीतून उठले. खुशीत होते.

"तुह्या कुंडीले खालून दोन भोकं पडली होती, बाबू. सारं पाणी पळे. मी बुजवली. आता एक थेंब जात नाही पाय."

मी कुंडी तिरपी केली. मागच्या मोकळ्या जागेतून आणलेली, चांगली मळलेली माती, दोन्ही भोकांत, अंगठ्याने दाबलेली. अंगठ्याचा ठसा दिसत होता.

त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी इतकी वर्षं सभ्य म्हणवून घेतल्यावर लिहितो आहे. मला राग आला नव्हता. मला सुटल्यासारखं झालं होतं. दोन-तीन आठवडे छातीवर बसलेलं ओझं कोणीतरी उचललं. झाड का मरतंय, याचं उत्तर मला मिळालं होतं, आणि ते उत्तर मी नव्हतो. राग मी त्यानंतर आणला.

"बाबा, काय केलं हे! ती भोकं ठेवलेली असतात! चौदा वर्षं सांभाळलं मी याला!"

"काय?" त्यांनी उजवा कान पुढे केला.

मी त्या कानाशी जाऊन ओरडलो. "तुमचा हात लागला अन् झाड मेलं!"

शेजारच्या छतावर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. बाबा खाली बसले, जाळीच्या बांबूची एक काडी काढली आणि भोकांतली माती कोरून काढायला लागले. पाणी त्यांच्या पायांवर आलं. मग नळावर जाऊन त्यांनी हात धुतले. फार वेळ धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून ते दाराशी उभे होते. "गावाले जातो. काही दिवस." मी त्यांना लांजीच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून ते म्हणाले, "सांभाळजो," पण ते मला म्हणाले की झाडाबद्दल, कळलं नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "झाडाले बोलता येत नाही, म्हणून बरं हाय तुमचं."

त्याच रविवारी मी झाड कुंडीतून उपसून काढलं. हे मला करायचं नव्हतं, कारण काय दिसेल याची भीती होती. मुळं पांढरी होती. ताठ, ओली, वासही चांगला. सहा दिवसांत पाण्याने त्यांचं काही बिघडलं नव्हतं. मग मी कापलेल्या जागेची हळद-माती काढली आणि नखाने साल खरवडली. आत तपकिरी. तिथून वर वर खरवडत गेलो, शेंड्यापर्यंत तपकिरी. उजव्या बाजूला हिरवं होतं. सड कुठून निघाली आणि कुठपर्यंत गेली, हे एखाद्या लहान मुलालाही दाखवता आलं असतं.

मेलेला भाग कापला, उजवी बाजू राहिली. झाड पुन्हा कुंडीत बसवलं. आणि गावी फोन केला नाही. आधी वाटलं, फोनवर कसं सांगणार, त्यांना ऐकू येत नाही. मग वाटलं, दिवाळीत जाऊ तेव्हा सांगू.

दिवाळीत गेलो. बाबा ओसरीवर होते, वाळले होते. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "झाड?"

"आहे अजून," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि अंगणाकडे पाहिलं. मी चिवडा खाल्ला.

संध्याकाळी भाऊ मला शेतावर घेऊन गेला. आमच्याकडे धान उभं असतानाच, माती ओली आहे तोवर, त्यात लाखोळी नावाचं कडधान्य फेकून पेरतात. धान कापून झालं की खाली लाखोळीची हिरवी शेतं मिळतात. ही पेरणी कायम बाबांची. मूठ अशी सुटायची की दाणा दाण्यापासून चार बोटं. या वर्षी एका ठिकाणी लाखोळीची दाटी होती आणि शेजारी नुसती भुई.

"हे माहं काम हाय," भाऊ म्हणाला. "हसू नोको. बाबांनी पेरलंच नाही. वाल नाही लावला, कोहळा नाही. माह्या बायकोनं मिरचीचं रोप हातात देलं त तिले म्हणते, माहा हात लावू नोको, माह्या हातानं झाड मरते. जनमभर ज्याच्या हातचं खाल्लं तो माणूस असं म्हणून राह्यला. भाऊ, बालाघाटात काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हणालो.

मला तिथेच सांगता आलं असतं. भाऊ माझ्यापेक्षा लहान आहे, मी त्याला शिकवलं, तो मला मान देतो. मला तो मान हवा होता. परतीच्या बसमध्ये किरनापूर येईपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की म्हातारी माणसं असं काहीबाही बोलतातच.

त्यानंतर मात्र मला चैन पडेना. ऑफिसात कागदावर सही करताना बाबांच्या अंगठ्याचा मातीतला ठसा दिसायचा. बायकोला म्हटलं, "पुढच्या महिन्यात जाऊन सांगतो." ती म्हणाली, "पुढचा महिना त्यांच्याजवळ हाय का, ते त्यांले इचारून घ्या." जानेवारीत भावाचा फोन आला. बाबांना ताप होता, तीन दिवस उतरला नव्हता. तो काय बोलतोय ते मला पुढे ऐकूच आलं नाही. माझ्याच तोंडचं वाक्य सोबत घेऊन ते जातील, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

सकाळी मी पद्म बादलीत ठेवलं, भोवती टॉवेल गुंडाळला आणि लांजीची बस पकडली. झाड का घेतलं, सांगता येत नाही. रिकाम्या हाताने गेलो तर पुन्हा न बोलता परत येईन, अशी मला माझीच खात्री होती. उजव्या फांदीवर दोन डोळे फुगले होते. कळी की पान, अजून कळत नव्हतं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी बादली पोटाशी धरत होतो.

"काकाजी, इसका आधा टिकट लगेगा," कंडक्टर म्हणाला.

शेजारचा माणूस वाकून पाहत होता. "फल खाने का लगता है?"

"नहीं."

"लकड़ी काम की?"

"नहीं."

"फिर?"

मी फांदीवरचा टॉवेल सारखा केला. तो किरनापूरला उतरेपर्यंत झाडाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत होता.

घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात उन्हात बसलेले. अंगावर शाल, ताप पहाटे उतरला होता. मी बादली त्यांच्यासमोर ठेवली आणि खाली बसलो.

"बाबा, झाड तुमच्यानं नाही मेलं."

"काय?"

"झाड! तुमच्यानं नाही खराब झालं!"

"मोठ्यानं बोल."

तेव्हा मला कळलं की हेही ओरडूनच सांगावं लागणार आहे. भाऊ गोठ्यातून बाहेर आला. त्याची बायको दारात. कुंपणापलीकडची म्हातारी सूप हातात धरून उभी राहिली. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं. फांदी कापली ते. कापू नये हे माहीत होतं ते. डिंक, हळद, पिवळी पानं भोपाळच्या आधीची, पांढरी मुळं. एकेक वाक्य, मध्ये थांबून. माझा आवाज दोनदा फाटला. कुंपणापलीकडची म्हातारी "अगं माय" म्हणाली.

बाबांनी कान दूर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे तुले मालूम होतं."

"हौ."

"मी भोकं बुजवली, तवा?"

"तवाच. त्याच्या आधीपासून."

"मंग मले काहून म्हटलं?"

"भेव वाटलं, बाबा."

"कायचं?"

मी कुंडी बादलीतून बाहेर काढली. ते म्हणाले, "पन्नाशी आली तुही. अन् आपलं भेव बापाच्या डोक्यावर ठेवून देलं." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी कुंडी उचलायला सांगितली. मी वर धरली. त्यांनी खालून दोन्ही भोकांत बोट घालून पाहिलं. सुनेला तांब्या मागितला, माझ्या हातातल्या कुंडीत हळूहळू पाणी ओतलं, आणि ते खालून त्यांच्या पायांवर पडताना पाहत राहिले.

"पुरं जाते."

"हौ."

"जाऊच द्याचं असते?"

"हौ, बाबा. जाऊच द्यायचं असतं."

"मंग याले काय रायते?"

"ओल राहते. तेवढी पुरते याला."

"हं," ते म्हणाले. ही अक्कल त्यांना फारशी पटलेली दिसली नाही.

निघताना मी म्हटलं, बालाघाटला चला. ते नाही म्हणाले. झाड इथे ठेवू का, विचारलं. तेव्हाही नाही. "तुहं हाय, तू ने." मी पाया पडलो, त्यांनी हात आशीर्वादाला उचलला की नाही, हे मी वाकलेला असल्यामुळे मला दिसलं नाही. बसमध्ये मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. बादली मांडीवर होती आणि मी सारखा ते दोन डोळे मोजत होतो.

आठ-दहा दिवसांनी भावाचा फोन आला.

"भाऊ, बाबांनी विहिरीजवळ भेंडी टोबली. दोन ओळी, एकेक दाणा बोटानं. मले जवळ येऊ नाही देऊन राह्यले. म्हणते, तुह्या लाखोळीसारखं नाही पायजे."

मी विचारलं, "उगवली?"

"अरे भाऊ," तो हसत म्हणाला, "काल त टोबली."

"बरं," मी म्हणालो. "उगवली की सांग."